‘घास अडकतोय’ म्हणणाऱ्या पेशंटला परत पँटो लिहायच्या आधी : सोलापुरातल्या फॅमिली डॉक्टरांना खुलं पत्र

सोलापुरातल्या पेठांमधल्या, एमआयडीसीकडच्या आणि तालुक्याच्या गावात दवाखाना टाकून बसलेल्या समस्त डॉक्टरांना नमस्कार.

मी मेडिकलवाला. दुकान भवानी पेठेच्या बाजूला आहे एवढंच सांगतो, पुढं नाव सांगितलं की कुठल्या डॉक्टरबद्दल बोलतोय ते लोक शोधत बसतील आणि मला कुणा एकाबद्दल बोलायचंच नाहीये. तुमच्या चिठ्ठ्या रोज माझ्या काउंटरवर येतात, तुमचं अक्षर मला तुमच्या घरच्यांपेक्षा चांगलं वाचता येतं, आणि त्यात सगळ्यात जास्त काय असतं ते तुम्हालापण माहितीये आणि मलापण. सकाळी उपाशीपोटी एक, पँटोप्राझोल आणि डॉम्पेरिडोन. त्यात चूक काही नाही. शेंगा चटणी, रात्री उशिरा जेवण, चहावर चहा, मावा, बिडी, आपल्या गावात अ‍ॅसिडिटी नसेल तर कुठं असेल. बहुतेकांना ती गोळी लागू पडतेच. मी लिहितोय ते ज्याला ती लागू पडत नाही आणि तरी महिनोन्महिने तीच स्ट्रिप घ्यायला येतो त्या पेशंटबद्दल.

आमच्या घरात असा एक पेशंट होता, माझी वहिनी. ती घरी कडक भाकरीचं काम करते, पातळ ज्वारीची भाकरी थापायची, तव्यावर मंद आचेवर कडक करायची आणि पॅक करून द्यायची, पुण्या-मुंबईला पार्सल जातात. तिचं सुरू झालं ते असं, की जेवताना मध्येच थांबायची, पाणी प्यायची, मग छातीच्या मधोमध बोटं टेकवून म्हणायची, "भावजी, घास इथं थांबतोय बघा, खाली जाईना." सगळे म्हणाले कोरडं खाऊ नको, आमटीत कुस्करून खा. मग आमटीचंपण तसंच व्हायला लागलं, मग नुसत्या पाण्याचं. बरं रोज सारखं नाही, सोमवारी आख्खी भाकरी खाल्ली तर मंगळवारी चहासुद्धा छातीत थांबलेला, गार पाणी प्यायलं तर जास्तच, त्यामुळं घरातल्यांना वाटायचं हिचं नाटक आहे की काय, कालच तर चांगली जेवली की. उभी राहून जेवायची, हात वर करून दोनदा टाचा आपटायची की मग आतून काहीतरी खाली सरकल्यासारखं व्हायचं. लग्नाच्या पंगतीत बसायचं बंदच केलं तिनं. आणि रात्री आडवं झालं की जेवलेलं तोंडात परत यायचं, जसं गिळलं तसंच, भाताची शितं ओळखू येतील असं, आंबट नाही कडू नाही, आणि ठसका लागून मध्यरात्री उठून बसायची.

आंबट नाही, हे लक्षात ठेवा डॉक्टर. पोटात पोचलेलं अन्न परत आलं तर ते आंबट लागणार. हे पोटात पोचलंच नव्हतं.

पुढं जे होतं ते झालं. अ‍ॅसिडिटी म्हणून गोळी, मग गोळीचा डोस डबल, मग गुलाबी सिरप, मग गॅसची पावडर. एकदा दुर्बीणपण झाली, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून करतात ती एंडोस्कोपी, रिपोर्टात किरकोळ सूज सोडून काही नाही. आणि खरा घोटाळा इथून सुरू झाला, कारण दुर्बीण नॉर्मल आली म्हटल्यावर सगळ्यांनी मनातल्या मनात फाइल बंद केली. आता हे मनाचं आहे. टेन्शनच्या गोळ्या सुरू. वजन उतरत होतं, ब्लाउज दोन्हीकडून शिवून घ्यायला लागले, रात्रीचा खोकला होताच, मग कुणाला टीबीचा संशय आला, एक्स-रे झाला, थुंकी तपासली, काही निघालं नाही पण शेजारच्या बायकांनी चहाचे कप वेगळे ठेवायला सुरुवात केली ती केलीच. आईनं दृष्ट काढली, अक्कलकोटला जाऊन आली. ते जाऊ दे.

मध्ये अशक्तपणा म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. हे मी मेडिकलवाला म्हणून मुद्दाम सांगतो. ज्याच्या अन्ननलिकेत घास थांबतो त्याच्या अन्ननलिकेत गोळीपण थांबते, आणि लोहाची गोळी किंवा डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूल एका जागी चिकटून राहिली तर तिथं आतून भाजल्यासारखी जखम होते. हाडं ठिसूळ झाली म्हणून देतात त्या अ‍ॅलेंड्रोनेटचंपण तेच. "गिळायला त्रास होतो का" हे विचारल्याशिवाय या गोळ्या लिहू नका, आणि लिहिल्याच तर सिरप मिळतंय का बघा. दुसरी गोष्ट डॉम्पेरिडोनची. ते पोट लवकर रिकामं करायला मदत करतं हे खरं, पण अन्ननलिकेच्या खालच्या झडपेचा दाब ते उलट वाढवतं असं फार्माकॉलॉजीच्या पुस्तकात आहे, म्हणजे वहिनीच्या बाबतीत आधीच न उघडणाऱ्या दाराला आपण आतून कडी घालत होतो.

निदान कुणी केलं तर एका छोट्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं, ते पण खोकल्यासाठी गेलो होतो म्हणून. त्यानं स्टेथोस्कोप लावला, बाजूला ठेवला आणि विचारलं, "पाणीपण अडकतं का? आणि पहिल्यापासूनच अडकतं का?" एवढंच. वहिनी रडायलाच लागली कारण हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. त्यानं बेरियम, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारं पांढरं पातळ मिश्रण, गिळून एक्स-रे काढायला लावले. फिल्म आली त्यात अन्ननलिका वर फुगलेली आणि खाली येता येता एकदम निमुळती, पक्ष्याच्या चोचीसारखी, रेडिओलॉजीच्या पुस्तकातपण तिला पक्ष्याची चोचच म्हणतात. बेरियम वरच थांबलेलं. आजाराचं नाव अ‍ॅकलेशिया.

तुम्ही हे एमबीबीएसला वाचलेलं असणार, मी तुम्हाला शिकवतोय असं समजू नका, पण हे पत्र पेशंटपण वाचतील म्हणून चार ओळी लिहितो. अन्ननलिका म्हणजे साधारण पंचवीस सेंटीमीटरची स्नायूंची नळी. घास तिच्यातून नुसता घसरत नाही, ती लाटेसारखी आवळत आवळत त्याला खाली ढकलते आणि तळाशी जी झडप आहे ती नेमकी त्या वेळी सैल पडते. हे सगळं त्या नळीच्या भिंतीतल्या मज्जापेशी सांभाळतात. अ‍ॅकलेशियात या पेशी हळूहळू मरतात. लाट बंद पडते आणि झडप सैल पडायची थांबते. मग अन्न नळीत साचत जातं आणि वर वजन पडलं की तेवढ्यापुरतं थोडं थोडं खाली झिरपतं, म्हणून तर उभं राहून, वरून पाणी पिऊन पेशंट कसंतरी भागवतो. या पेशी का मरतात हे अजून पक्कं कळलेलं नाही, शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच त्यांच्यावर उलटत असावी असा जास्त संशय आहे. दक्षिण अमेरिकेत चागास नावाच्या आजारात एका परजीवीमुळं हुबेहूब हेच होतं, पण ते तिकडं. टेन्शनमुळं हा आजार होत नाही. तिखटामुळं होत नाही. सासूच्या बोलण्यामुळं होत नाही, हे आमच्या आईला मी स्वतः वाचून दाखवलं, तिला बरं वाटलं.

आणि छातीत जळजळ असते का? असते की. बऱ्याच जणांना असते, साचलेलं अन्न तिथंच आंबतं म्हणून. तिथंच फसायला होतं. जळजळ म्हटलं की पेन आपोआप पँटोकडं जातं.

आता तुम्ही म्हणाल, अरे बाबा हा दुर्मिळ आजार आहे, लाखात एक, आम्ही दिवसाला शंभर पेशंट बघतो, प्रत्येक ढेकरामागं अ‍ॅकलेशिया शोधत बसू का. बरोबर आहे. ढोबळ आकडा तोच सांगतात, वर्षाला लाख लोकांमागं एक नवा पेशंट. पण आपला जिल्हा केवढा आहे बघा, २०११ च्या जनगणनेत ४३ लाखांच्या वर. गुणाकार करा. वर्षाला चाळीसेक नवे पेशंट या जिल्ह्यात होत असणार, आणि हा आजार जीव लगेच घेत नाही, पेशंट वर्षानुवर्षं जगतो, म्हणजे जुने धरले तर काहीशे जण आत्ता या घडीला बार्शी, पंढरपूर, मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोट इथं कुठंतरी पाण्याच्या घोटाबरोबर घास ढकलत बसलेत. हा माझा गुणाकार आहे, कुणी दारोदार जाऊन मोजलेलं नाही. पण मग मला सांगा ते सगळे आहेत कुठं? तुमच्याकडंच असणार ना, अ‍ॅसिडिटीच्या नाहीतर टेन्शनच्या गोळ्यांवर.

आणि खरं सांगायचं तर अ‍ॅकलेशिया दुर्मिळ आहे की नाही यावर माझा मुद्दा अडलेलाच नाही. गिळताना अडकतंय हे लक्षण आहे ना, ते स्वतःच धोक्याची घंटा आहे, अन्ननलिकेच्या कॅन्सरचं पहिलं लक्षणपण हेच. तंबाखू, बिडी, दारू याच्यामुळं तो होतो आणि आपल्याकडं बिडी ओढणारे, मावा चघळणारे काय कमी आहेत का. म्हणजे ‘घास अडकतो’ म्हणून आलेल्या माणसाला तुम्ही अ‍ॅकलेशियासाठी नाही, कॅन्सर नाही ना हे बघण्यासाठी तरी दुर्बिणीला पाठवायलाच पाहिजे, मग वय काही असो, आणि त्याच रस्त्यावर पुढं बेरियम केलं की हा दुर्मिळ आजारपण सापडतो. वेगळी काही मेहनत नाही. फरक साधारण असा, की कॅन्सरमध्ये आधी भाकरी अडकते, मग मऊ भात, मग पातळ, असं काही महिन्यांत उतरत्या पायरीनं जातं. अ‍ॅकलेशियात भाकरी आणि पाणी बऱ्याचदा सुरुवातीपासून दोन्ही, कधी कमी कधी जास्त, आणि हे वर्षानुवर्षं चालू राहतं. कधी कधी कॅन्सरच अ‍ॅकलेशियाचं सोंग घेऊन येतो, विशेषतः वयस्कर माणसात आणि वजन झपाट्यानं उतरलं असेल तर, म्हणून दुर्बीण चुकवायची नाही.

पण दुर्बीण नॉर्मल आली म्हणून थांबायचंपण नाही, यासाठी तर मी रात्री दुकान बंद करून हे टाइप करत बसलोय. दुर्बिणीत भिंत दिसते, भिंतीची हालचाल नीट कळत नाही. सुरुवातीच्या अ‍ॅकलेशियात दुर्बीण साफ नॉर्मल येऊ शकते, नळी अजून फुगलेली नसते, झडपेतून दुर्बीण जरा जोर लावला की आत जातेपण. त्या रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहिलेलं असतं ते भिंतीपुरतं. पेशंट म्हणतोय अडकतंय तर अडकतंय.

बेरियम आपल्या सोलापुरात होतं. महागडी तपासणी नाही ती, एमआरआयच्या तर जवळपासही नाही. चिठ्ठीवर लिहिताना नुसतं बेरियम न लिहिता टाइम्ड बेरियम लिहा, म्हणजे पेशंटला उभं करून बेरियम पाजतात आणि एक, दोन आणि पाच मिनिटांनी फिल्म काढतात, पाच मिनिटांनंतरही नळीत किती उंचीपर्यंत साचलंय ते मोजता येतं. नंतर ट्रीटमेंट झाल्यावर तीच तपासणी परत केली की किती फरक पडला तेपण कळतं. शेवटची पक्की तपासणी मॅनोमेट्री, नाकातून एक बारीक नळी घालतात आणि पाण्याचे छोटे छोटे घोट गिळायला लावतात, प्रत्येक घोटाला कुठं किती दाब पडला ते कॉम्प्युटरवर रंगीत दिसतं. त्याच्यावरून तीन प्रकार ठरतात आणि कुठला उपाय करायचा ते बऱ्यापैकी त्यावर ठरतं. दुसऱ्या प्रकारात गुण सगळ्यात चांगला येतो, तिसऱ्यात नळीच्या खालच्या भागात जोराचे आचके येतात, तो जरा त्रासदायक. वहिनीचा दुसरा निघाला. आम्ही हैदराबादला गेलो, आमच्या गल्लीतले तेलुगू बोलणारे एक काका सोबत आले म्हणून तिथं सगळं सोपं गेलं.

दवाखान्यात बसल्या बसल्या करता येईल असं अजून एक आहे, एकार्ट स्कोअर. चारच गोष्टी विचारायच्या, गिळायला त्रास, अन्न परत वर येणं, छातीत दुखणं आणि वजन उतरणं, प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क, एकूण बारा. अ‍ॅकलेशियाच्या पेशंटमध्ये तीनच्या वर गेला की आजार जोरात आहे असं धरतात. याच्यावरून निदान होत नाही, निदान तपासणीवरच, पण हे चार प्रश्न विचारायला दोन मिनिटं लागतात आणि पेशंट एकाच वेळी चारही गोष्टींना हो म्हणाला तर तुम्ही स्वतःच पेन खाली ठेवाल. वहिनी पहिल्या दिवशी विचारलं असतं तरी चारही सांगू शकली असती.

उपाय आहेत, आणि ते नवे नाहीत. १६७४ मध्ये इंग्लंडात थॉमस विलिस नावाच्या डॉक्टरानं असाच एक पेशंट लिहून ठेवलाय, देवमाशाच्या हाडाच्या काडीला पुढं स्पंज बांधून दिला होता त्यानं, पेशंट जेवण झालं की ती काडी घशात घालून अन्न खाली ढकलायचा, आणि असं करत तो बरीच वर्षं जगला. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी त्या माणसाला ‘मनावर घेऊ नका’ म्हणून परत पाठवलं नव्हतं. १९१३ मध्ये जर्मनीत हेलर या सर्जननं झडपेचा स्नायू कापायचं ऑपरेशन केलं, तेच आज लॅप्रोस्कोपीनं होतं. फुग्यानं झडप ताणतात, तो तीस ते चाळीस मिलिमीटरचा फुगा असतो, शंभरात एक-दोन जणांना नळी फाटायचा धोका असतो म्हणून अनुभवी हातच पाहिजे. बोटॉक्सचं इंजेक्शन आहे पण त्याचा असर काही महिन्यांत उतरतो, ज्यांना ऑपरेशन झेपणार नाही अशा म्हाताऱ्या माणसांसाठी ठीक. आणि २००८ पासून पोएम, जपानमध्ये हारुहिरो इनोउए यांनी पहिल्यांदा केलं, तोंडातून दुर्बीण घालून अन्ननलिकेच्या आतल्या अस्तराला छोटा छेद देतात, अस्तर आणि स्नायू यांच्यामधून बोगदा काढत खाली जातात आणि आतल्या आत झडपेचा स्नायू कापून वर येऊन छेद क्लिपनं बंद करतात. बाहेर टाका नाही काही नाही. वहिनीचं हेच झालं.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत, हे पेशंटला स्पष्ट सांगा. लाट येत नाही, फक्त खालचं दार मोकळं होतं. वहिनी अजून घासागणिक पाणी पिते, जेवल्या जेवल्या आडवी होत नाही, खाटेच्या डोक्याकडं दोन विटा लावल्यात. आणि झडप कापल्यामुळं आता पोटातलं अ‍ॅसिड खरोखर वर येतं, पोएमनंतर हे बऱ्याच जणांना होतं, त्यामुळं आता तिला पँटोप्राझोल चालू आहे. हो, तेच. या वेळी कशासाठी घेतेय ते माहिती आहे एवढंच. पण लग्नात पंगतीला बसते, आणि भाकरी खाते, आमटीत कुस्करून का होईना.

उशीर झाला तर काय होतं तेपण बघून ठेवा. नळी फुगत फुगत जाते, वाकडी होते, मग झडप मोकळी करूनही अन्न त्या वाकणात पडून राहतं, काहींची अन्ननलिका काढायचीच वेळ येते. झोपेत अन्न श्वासनलिकेत गेलं की परत परत न्यूमोनिया. वर्षानुवर्षं अन्न साचून कॅन्सरचा धोका वाढतो तो वेगळाच, ट्रीटमेंट झाली तरी तपासणी सोडायची नाही. आणि अशा पेशंटचं दुसरं काहीही ऑपरेशन निघालं, हर्निया असो नाहीतर सिझेरियन, तर भूलतज्ज्ञांना आधी सांगा, कारण रात्रभर उपाशी ठेवलं तरी नळीत अन्न शिल्लक असू शकतं आणि भूल देताना ते फुफ्फुसात जाऊ शकतं. दुर्बिणीच्या आधी एक-दोन दिवस नुसत्या पातळ पदार्थांवर ठेवायला सांगतात ते याच्यासाठी.

बाईमाणूस असली की टेन्शनची चिठ्ठी लवकर निघते, हे मी माझ्या काउंटरवरून बघून बोलतोय, राग येईल तर येऊ द्या. अ‍ॅकलेशिया बायकांना आणि पुरुषांना जवळपास सारखाच होतो. पुरुष आला तर निदान छातीत दुखतंय म्हणून ईसीजी तरी निघतो. घशात नुसता गोळा असल्यासारखं वाटणं वेगळं, ते जेवताना उलट कमी होतं, आणि घास गिळल्यावर छातीत थांबणं वेगळं. आपल्याकडं कुणी तेलुगूत सांगतं कुणी कन्नडमध्ये, पण हाताची बोटं कुठं टेकतात ते बघा, छातीच्या हाडावर टेकली की पुढचा प्रश्न विचारा.

माझ्या लाइनीतल्या मेडिकलवाल्यांनाही सांगणं आहे, चिठ्ठीशिवाय गॅसची गोळी मागायला आलेला माणूस ‘अडकतं’ म्हणाला तर गोळी द्यायच्या आधी डॉक्टरकडं पाठवा, दहा रुपयांचा धंदा गेला तर गेला. आणि डॉक्टर तुम्हाला एकच मागणं, गिळताना अडकतं म्हणणाऱ्याची अ‍ॅसिडिटीची चिठ्ठी जेव्हा दुसऱ्यांदा लिहाल तेव्हा तिच्याच खाली दुर्बीण आणि टाइम्ड बेरियम लिहा. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या सोलापूर शाखेनं कुणा पोटविकारतज्ज्ञाला बोलावून एक संध्याकाळ यावरच ठेवली तर वहिनी यायला तयार आहे, तिला मी विचारलंय. फिल्म घेऊन येईल.

आपला,
भवानी पेठेतला एक मेडिकलवाला

ता.क. बेरियमला पाठवताना पेशंटला सांगून ठेवा की नंतर एक-दोन दिवस संडास पांढरी होते, आणि बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून पाणी जास्त प्यायचं, जमेल तसं घोट घोट. हे न सांगितल्यामुळं घाबरलेले लोक परत माझ्याच दुकानात येतात, काविळीचं औषध मागायला.